कार्बोरेटर सोडा, आधी झाकण उघडा

तुमच्याकडे पंधरा-वीस वर्षं जुनी, कार्बोरेटरवाली बाईक असेल आणि ती मध्येच बंद पडायला लागली असेल, तर तुमचं नशीब माझ्या बाबांसारखंच आहे. नेमकं काय झालंय ते कुणी बघणार नाही, निकाल मात्र सगळे देणार. मेकॅनिक म्हणणार, "कार्बोरेटर गेला." शेजारचे काका म्हणणार, "इथेनॉलनं इंजिन खाल्लं." सरकार म्हणणार, काही होत नाही. आणि घरातले म्हणणार, "विकून टाका आता तो खटारा." या चौघांमध्ये एक गोष्ट कॉमन असते. एकानेही पेट्रोलच्या टाकीचं साधं झाकण उघडून बघितलेलं नसतं.

आज जरा चिडूनच लिहितोय. सांभाळून घ्या.

बाबांची स्प्लेंडर डिसेंबर २००५ ची. हिरो आणि होंडा एकत्र नांदत होते तेव्हाची, नंबर अर्थातच एमएच-०६. मी तेव्हा तिसरीत होतो आणि टाकीवर बसून अख्खं पेण फिरायचो. बाबा झेडपीच्या शाळेतून रिटायर झाले, मी इंजिनियर होऊन आयटीत चिकटलो, पण गाडी तीच. दर गुरुवारी बाबा त्या गाडीवरून रोह्याला जातात. माझी आत्या तिथे एकटी असते. पेण, वडखळ, नागोठणे, तिथून आत वळून भिसे खिंड आणि मग रोहा, असा चाळीसेक किलोमीटरचा रस्ता. दिवा-रोहा मेमू आहे म्हणा, पण तिच्या वेळा तिच्या सोयीच्या. आत्याची औषधं, लाइट बिल, आणि खरं सांगायचं तर दोन तास गप्पा, हे सगळं त्या ९७ सीसीच्या इंजिनावर चालतं.

तर २०२५ च्या जुलैत झालं असं की, भिसे खिंडीच्या चढावर गाडीने दोन-तीन झटके दिले आणि बंद. पाऊस धो धो. किका मारून बाबांचा पाय दुखायला लागला. दहा मिनिटांनी आपोआप चालू झाली, थोडं पुढे जाऊन परत बंद. असं दोनदा झालं. तिसऱ्या वेळी मागे आत्या बसलेली. तिला डॉक्टरला दाखवायला पेणला आणत होते. संध्याकाळची वेळ, अंधारून आलेलं, बाजूने धाटाव एमआयडीसीकडे जाणारे-येणारे ट्रक, आणि ही दोन म्हातारी माणसं त्या वळणावर एका हातात छत्री, दुसऱ्या हातात गाडी धरून उभी. शेवटी एका टेम्पोवाल्याने गाडीसकट दोघांना पेणला आणून सोडलं. पुढचा गुरुवार आला तेव्हा बाबा म्हणाले, "आज जरा कंटाळा आलाय." त्याच्या पुढच्या गुरुवारीही कंटाळाच. फोनवर आईने सांगितलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. माझे बाबा कंटाळणाऱ्यातले नाहीत.

आता मेकॅनिकपुराण. नाव घेत नाही, कारण दोष एकट्याचा नाही, हल्ली सगळीकडे हीच पद्धत आहे. गाडी स्टँडवर घेतली, एक किक मारली, कान लावला आणि निदान तयार: "काका, कार्बोरेटर गेलाय. पेट्रोलमध्ये इथेनॉल मारतात ना, सगळ्यांचे जातायत." जुना काढला, डुप्लिकेट बसवला, मजुरीसकट अठराशे रुपये. नाक्यापर्यंत एक राउंड मारून आणली, मस्त चालली. बाबा बिचारे हिय्या करून परत निघाले आणि त्याच खिंडीत, जवळजवळ त्याच वळणावर, परत बंद! आता मेकॅनिक म्हणतो, इंजिन खोलावं लागेल, सहा-सात हजार धरून चला.

आमच्या धंद्यात याला काय म्हणतात माहितीये का? एरर काय आहे ते न वाचताच सर्व्हर बदलणे. आणि बिल मात्र क्लायंटला!

शनिवारी सकाळी घरी पोचलो. पहिलं काम म्हणजे बाबांची वही मागितली. मास्तर माणूस, वीस वर्षं पेट्रोल भरल्याची नोंद ठेवतात: तारीख, किलोमीटर, रुपये. कुठल्याही कंपनीत असले लॉग मिळाले असते तर मी रडलो असतो आनंदाने :) त्या वहीत उत्तर होतं. गाडी ज्या ज्या गुरुवारी बंद पडली, त्या त्या दिवशी पेणमधून निघताना टाकी फुल केलेली होती. मधल्या एका गुरुवारी फक्त दोनशेचं टाकलं होतं, त्या दिवशी खिंड विनातक्रार पार. आता सांगा, कार्बोरेटर गेलेला असेल तर त्याला टाकीत किती पेट्रोल आहे याच्याशी काय देणंघेणं?

गेलो आणि टाकीचं झाकण फिरवलं. झाकणाखाली काय असावं? दुधाच्या पिशवीचा गोल कापलेला तुकडा! नीट घडी घालून, झाकणाच्या रबराखाली दाबून बसवलेला.

"बाबा, हे काय?"

"अरे, ते नवीन पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं म्हणे. व्हिडिओ आला होता. म्हटलं, पावसाळ्याचं टाकी सील केलेली बरी."

हसावं की रडावं कळेना. जुन्या स्प्लेंडरच्या झाकणात हवा आत येण्यासाठी एक बारीक वाट असते. या गाडीला पेट्रोलचा पंप नाही. टाकी वर, कार्बोरेटर खाली, पेट्रोल स्वतःच्या वजनाने उतरतं. जेवढं उतरेल तेवढी हवा वरून आत आली पाहिजे, नाहीतर आत निर्वात तयार होतो आणि पेट्रोल धरून ठेवतो. स्ट्रॉच्या वरच्या टोकावर बोट ठेवलं की सरबत आत अडकून राहतं, तसंच. बाबांच्या पिशवीला सुरकुत्या होत्या, त्यातून थोडी हवा शिरत होती. सपाट रस्त्यावर तेवढ्यात भागायचं. खिंडीचा चढ आला, इंजिनाची मागणी वाढली, की पुरवठा तुटायचा. दहा मिनिटं थांबलं की हवा हळूहळू आत जायची आणि गाडी परत चालू. टाकी फुल असली की वर हवेला जागाच कमी, त्यामुळे दाब झटकन पडायचा. अर्धी रिकामी असली की वरच्या हवेची उशी थोडा वेळ सांभाळून घ्यायची. मेकॅनिकच्या नाक्यापर्यंतच्या सपाट राउंडमध्ये हे कधीच दिसणार नव्हतं.

म्हणजे बघा, गाडी इथेनॉलने बंद पडली नाही, इथेनॉलच्या भीतीने बंद पडली. तो व्हिडिओ बनवणाऱ्याला लाइक मिळाले असतील. माझी आत्या मात्र ट्रकांच्या मध्ये भिजत उभी होती.

त्या व्हिडिओंबद्दल एकदा बोलूनच टाकतो, कारण डोक्यात जातात ते. एक फारच फेमस प्रकार म्हणजे बाटलीत पेट्रोल घ्यायचं, त्यात थोडं पाणी ओतायचं, हलवायचं, आणि खाली बसलेला थर ओतलेल्या पाण्यापेक्षा जास्त झाला की ओरडायचं, "बघा, पंपवाला पाणी मिसळतो!" अहो, पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्यात उतरलं म्हणून थर वाढला. शंभर मिली ई२० मध्ये वीसेक मिली इथेनॉल असणारच, सरकार स्वतःच तसं सांगतंय. हा प्रयोग भेसळीचा पुरावा नाही, तो अकरावीचं प्रॅक्टिकल आहे. दुसरं म्हणजे, हवेतल्या दमटपणाने बंद टाकीत बदाबदा पाणी साठत नाही, आणि थोडंफार पाणी असेल तर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल ते दहा टक्केवाल्यापेक्षा जास्त सामावून घेतं. आपल्याकडे खरा धोका आभाळातून येतो. कोकणातला पाऊस, झाकणाचं विरलेलं रबर, उघड्यावर उभी गाडी, की पाणी थेट टाकीत. पाणी सामावण्याच्या पलीकडे गेलं की मग मात्र इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाशी जातं, आणि कॉक तिथूनच तर पितो. त्याला उपाय काय, तर झाकणाचं रबर नवीन घ्या आणि गाडी शेडमध्ये लावा. प्लास्टिक टाकायचंच असेल तर झाकणाच्या वरून, सैल टाका, आणि चालवताना काढा.

तिसरं, "मायलेज निम्मं झालं" म्हणणारे. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे मायलेज कमी होणार हे खरंच. पण निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घट धरली होती, आणि पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये जुन्या गाड्यांसाठी ३ ते ६ टक्के असं सांगितलं. वाईटात वाईट आकडा धरला तरी साठ देणारी गाडी छप्पन्न-सत्तावन्न देईल. तुमची चाळीसवर आली असेल तर ब्रेक घासतोय का, चेन सुकलीये का, एअर फिल्टर चोंदलाय का, टायरमध्ये हवा आहे का, हे आधी बघा.

इथपर्यंत वाचून काही जण खूश झाले असतील, की बघा, इथेनॉल निर्दोष सुटलं. थांबा जरा. आता दुसऱ्या बाजूची पाळी.

त्याच मंत्रालयाचा युक्तिवाद असा होता की कार्बोरेटरवाल्या आणि इंजेक्शनवाल्या गाड्या पहिल्या एक लाख किलोमीटरपर्यंत, दर दहा हजारांना तपासल्या आणि लक्षणीय फरक दिसला नाही. उत्तम. पण बाबांची गाडी एक लाख एकतीस हजार चाललीये आणि तिने वीस पावसाळे खाल्लेत. रबर किलोमीटरने कडक होत नाही, वर्षांनी होतं. मेकॅनिककडून मी जुना कार्बोरेटर मागून आणला (तो देत नव्हता, "भंगार आहे ते" म्हणाला) आणि रविवारी पेपर पसरून अंगणात उघडला. खालच्या वाटीत गंजाची लालसर पूड. फ्लोटच्या पिनचं टोक झिजलेलं. वाटीचं गॅस्केट फुगून खोबणीतून बाहेर आलेलं, परत आत बसेना. पेट्रोलच्या पाइपला बारीक भेगा. यातलं किती इथेनॉलने झालं आणि किती वयाने? मी सांगू शकत नाही, आणि छातीठोकपणे सांगणाऱ्या कुणावर विश्वासही ठेवणार नाही. पण मंत्रालयानेच मान्य केलंय की काही जुन्या गाड्यांत रबरी भाग, गॅस्केट लवकर बदलावे लागू शकतात. स्वस्त आहे, नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होऊन जाईल, असंही वर म्हटलंय. स्वस्त आहे हे खरं. मला सगळं मिळून पावणेतीनशे रुपयांत पडलं. पण बाबांना हे सांगितलं कुणी? वीस वर्षांच्या गाडीत नेमका कुठला भाग, कधी बदलायचा, याचा एक कागद तरी त्यांच्या हातात आला का? ज्या पंपावर ते भरतात तिथे ई२० अशी पाटीसुद्धा मला दिसली नाही. मग माणूस व्हिडिओ बघून दुधाची पिशवी कापणारच!

आणि अजून एक मुद्दा, जो टीव्हीवरच्या भांडणात कधी येत नाही. २०२० मध्ये बीएस-६ आल्यापासून बाईकला इंजेक्शन आलं. त्यातला सेन्सर धुरातला ऑक्सिजन बघतो आणि पेट्रोल कमी-जास्त करतो. कार्बोरेटरला असलं डोकं नाही. त्याच्या जेटचं भोक फॅक्टरीत पडलं ते पडलं. साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, ई२० ला साडेतेरापट. जेट तोच, हवा तीच, म्हणजे मिश्रण आपोआप पातळ. दहा टक्क्यांवरून वीसवर जाताना फरक चारेक टक्क्यांचा. ट्यूनिंग नीट असेल तर गाडी तेवढं सहन करते. पण ज्या गाडीचं ट्यूनिंग आधीच काठावर आहे, पायलट जेट अर्धा बुजलाय, मॅनिफोल्डच्या जोडातून हवा शिरतेय, तिला तेवढा धक्का पुरतो. सकाळी किका वाढतात, थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमध्ये फट् फट् होतं, पिकअप घेताना गाडी अडखळते. चोक थोडा ओढल्यावर गाडी सुधारली तर समजा की पेट्रोल कमी पडतंय. प्लग पांढराफटक असेल तरी तेच. काळा कुळकुळीत असेल तर उलटं, जास्त पितेय, मग फिल्टर आणि फ्लोट बघायचा.

२०२१ च्या त्या अहवालात या गोष्टींचा विचार झाला होता, हे विशेष. जुन्या गाड्यांसाठी ई१० चालू ठेवावं आणि मिश्रित इंधनाची किंमत कमी ठेवून मायलेजचं नुकसान भरून द्यावं, अशा अर्थाच्या सूचना त्यात होत्या. २०३० चं उद्दिष्ट २०२५ वर ओढलं, ते गाठलंही, पण पंपावर जुन्या गाडीला वेगळी नळी नाही आणि भावही उतरला नाही. मंत्रालयाचं उत्तर असं की तेव्हा इथेनॉल स्वस्त होतं, आता नाही. बरोबर असेल. पण मग फरक कुणी भरायचा हे कुणी ठरवलं? १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका फेटाळली, विषय संपला. शंभर ऑक्टेनचं बिनइथेनॉलचं पेट्रोल मोठ्या शहरांत मोजक्या पंपांवर मिळतं, लिटरला दीडशेच्या वर. रोह्याला जाणाऱ्या स्प्लेंडरमध्ये ते घालायचं म्हणजे म्हशीला केशर.

परकीय चलन वाचतं, शेतकऱ्याला पैसे मिळतात, हे मला मान्य आहे, आणि मला त्याची टिंगल करायची नाहीये. (आमच्या भाताच्या जिल्ह्यात ऊस नाही, पण इथेनॉल आता तांदळापासूनही करतात, म्हणजे गाडीही आमच्यासारखी भातखाऊ झाली.) माझं भांडण एवढंच आहे, की तपासायचं काम कुणी करायचं नाही आणि खर्च मात्र सगळ्यात जुनी गाडी चालवणाऱ्याने करायचा, ही कुठली पद्धत? मेकॅनिक अठराशे घेतो, व्हिडिओवाला व्ह्यूज घेतो, वरचे लोक आकडे देतात. गाडी ढकलतात बाबा.

आणि तपासायला लागतं तरी काय? एक पारदर्शक बाटली, एक पाना, अर्धा तास. इंजिन गार असू दे, मोकळी हवा असू दे, आजूबाजूला कुणी बिडी ओढत नसू दे. कार्बोरेटरकडे जाणारा पाइप काढून बाटलीत सोडा, कॉक चालू करा. धार नीट आली आणि हळूहळू बारीक होत गेली, तर टाकीचं झाकण उघडा. उघडल्याबरोबर धार वाढली तर दोष झाकणात आहे, घरी जा. झाकण उघडूनही धार बारीकच असेल तर कॉकची जाळी चोंदलीये. धार व्यवस्थित असेल तर पाइप परत लावा आणि कार्बोरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सोडून वाटीतलं पेट्रोल बाटलीत घ्या. पाच मिनिटं ठेवा. तळाशी वेगळा थर किंवा थेंब दिसले तर पाणी, लाल कण दिसले तर टाकीचा गंज. यातलं काहीच नसेल, तर मग खुशाल कार्बोरेटर उघडा. आणि हात जोडून सांगतो, जेटमध्ये तार घालू देऊ नका. पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक, पितळ मऊ. ब्रेकच्या केबलची तार घालून साफ केलं की साफ होतं, आणि मोठंही होतं. आमच्या जुन्या जेटवर तसे ओरखडे होते, म्हणजे आधीच्या कुठल्यातरी सर्व्हिसिंगला कुणीतरी हा पराक्रम करून गेलं होतं. स्प्रे आणि हवा मारा. तेवढ्याने निघत नसेल तर नवीन ओरिजिनल जेट घ्या.

पुढचं थोडक्यात. डुप्लिकेट कार्बोरेटर काढला, जुनाच साफ करून नवीन पिन, गॅस्केट, जेट टाकून बसवला. पाइप बदलला, झाकणाचं रबर बदललं. पिशवी कचऱ्यात. फुल टाकी करून मी स्वतः बाबांना मागे बसवून भिसे खिंड चढलो, उतरलो, परत चढलो. बाबा मागून एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या गुरुवारी सकाळी आठला आईचा फोन: "गेले हो रोह्याला. कंटाळा गेलेला दिसतोय." मी मेकॅनिककडेही जाऊन वही दाखवली. तो म्हणाला, "साहेब, असं बघत बसलो तर दिवसाला दोन गाड्या होतील." तेही खोटं नाही. तपासायचे शंभर रुपये द्यायला आपल्यातलं कुणी तयार नसतं, पार्टचे अठराशे मुकाट देतो.

डिसेंबर २०२५ मध्ये गाडीला वीस वर्षं पूर्ण झाली. फॉर्म २५ भरून नूतनीकरणाला गाडी दाखवायला न्यायची होती. ऑगस्टमध्येच वीस वर्षांवरच्या बाईकची फी दोन हजार झाली होती, त्यामुळे घरात पुन्हा तीच चर्चा, की एवढ्यात थोडे घालून नवीन का घेत नाही. बाबांनी वही काढली. अठराशे, पावणेतीनशे, दोन हजार असं एकाखाली एक लिहिलं, बेरीज केली, चष्मा काढला आणि म्हणाले, "फी भरून ये. आणि येताना टाकी फुल कर, उद्या गुरुवार आहे."